पर्याय-कोडच्या यादीवरून गाडीची खरी ओळख कितपत पटते?

सहासिलिंडर

सर्वांना नमस्कार. २००६ सालची पोर्शे ९११ करेरा एस माझ्या पाहण्यात आली आहे. गाडी ९९७ पिढीच्या पहिल्या टप्प्यातली असून तिला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. ती घ्यावी की नाही, हे मला तिच्या चकाकीवरून नव्हे, तर कारखान्यातून ती नेमकी काय घेऊन बाहेर पडली, यावरून ठरवायचे आहे. पुढच्या डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस कारखान्याचा स्टिकर शाबूत असून त्यावर चासिस क्रमांक, रंगाचा आणि आतल्या सजावटीचा कोड, तसेच तीन-तीन अक्षरी पर्याय-कोडांच्या काही ओळी छापलेल्या आहेत. त्यांपैकी ०३०, ६४०, ६५० आणि सीएक्सएक्स हे मला ठळकपणे वाचता आले. बाकीचे कोड मी टिपून घेतले आहेत, पण त्यांत ४५० (सिरॅमिक ब्रेक) किंवा एक्स५१ (इंजिनाची ताकद वाढवणारा संच) कुठेही नाही.

विक्रेत्याच्या जाहिरातीत मात्र ‘पीएएसएम सस्पेन्शन, सिरॅमिक ब्रेक, एक्स५१ पॉवरकिट’ अशी नोंद आहे, आणि ब्रेकचे कॅलिपर खरोखरच पिवळे आहेत. जाहिरात आणि स्टिकर यांत विसंगती आढळली, तर विश्वास कशावर ठेवावा? एखादा कोड यादीत नाही, एवढ्यावरून ती वस्तू गाडीत मूळची नव्हती असे निश्चित म्हणता येते का? शिवाय एकाच कोडचा अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा दिलेला दिसतो, तेही कोणी उलगडून सांगितले तर बरे होईल. हा व्यवहार जमला नाही, तर नवीच गाडी मागवण्याचा विचार आहे, त्यामुळे कारखान्यातून काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे, याबद्दलची मतेही वाचायला आवडतील.

कोडवाचक

आपण दिलेल्या चार कोडांवरूनच जाहिरातीतला एक दावा अडचणीत येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

९९७ च्या पहिल्या टप्प्यात करेरा एसला पीएएसएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने मऊ किंवा कडक होणारे डॅम्पर, मुळातच मिळत असत, आणि त्यांच्यासह गाडी १० मिलिमीटर खाली बसत असे. ०३० हा त्याऐवजी घ्यायचा पर्याय होता. त्यात ठरावीक कडकपणाचे डॅम्पर व स्प्रिंग, २० मिलिमीटरने कमी उंची आणि मागच्या चाकांसाठी यांत्रिक लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी यंत्रणा) असा संच येई, आणि तो निवडला की पीएएसएम वगळले जाई. म्हणून त्या वर्षीच्या गाडीत ०३० आणि पीएएसएम दोन्ही मूळचे असणे शक्य नाही. मधल्या कन्सोलवर डॅम्परचे चित्र असलेले बटण आहे का, ते पाहा. बटण नसेल तर स्टिकर बरोबर आहे आणि जाहिरात लिहिणाऱ्याने करेरा एसचे सर्वसाधारण वर्णन उचलून लावले आहे, असे समजायला हरकत नाही. बटण असेल तर एक तर सस्पेन्शन नंतर बदललेले आहे किंवा स्टिकर या गाडीचा नाही, आणि दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे.

माझ्या मते ०३० खरे निघाले, तर ती आपल्यासाठी चांगली बातमी आहे. डॅम्पर आणि स्प्रिंग पुढेमागे कोणालाही बदलता येतात, परंतु डिफरन्शियल बसवण्यासाठी गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो, त्यामुळे ते कारखान्यातूनच आलेले असणे याला मोल आहे. विक्रेत्याने नेमका हाच मुद्दा जाहिरातीत घेतलेला नाही, यावरून त्याने स्वतः स्टिकर वाचलेला नसावा.

आता कोडांच्या अर्थाबद्दल. जुन्या कागदपत्रांत या क्रमांकांआधी ‘एम’ हे अक्षर लावत, पुढे ते गळाले. एम०३० आणि ०३० हे एकच. महत्त्वाची गोष्ट अशी की क्रमांक कायमचा एकाच वस्तूला बांधलेला नसतो. एम४९१ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. १९७३ च्या ९११ करेरा आरएस २.७ ला एम४७१ म्हणजे हलकी ‘स्पोर्ट’ आवृत्ती, एम४७२ म्हणजे ९११ एससारखी सजावट असलेली ‘टुरिंग’ आवृत्ती आणि एम४९१ म्हणजे शर्यतीची आरएसआर, अशी विभागणी होती. शर्यतींच्या ग्रुप ४ या वर्गातील मान्यतेसाठी ५०० गाड्या पुरेशा होत्या, प्रत्यक्षात १,५८० तयार झाल्या. त्यांत एम४७२ च्या १,३०८, एम४७१ च्या २०० आणि एम४९१ च्या ५५ होत्या. मग १९८४ पासून हाच एम४९१ क्रमांक ३.२ लिटर करेरावर दिसू लागला, पण तिथे त्याचा अर्थ टर्बोची रुंद बॉडी, टर्बोचे सस्पेन्शन आणि टर्बोचे ब्रेक असा होता, टर्बोचे इंजिन मात्र नाही. क्रमांक एकच, गाड्या अगदी निराळ्या.

०३० चेही तसेच. ते ढोबळमानाने ‘स्पोर्ट सस्पेन्शन’ दर्शवते, परंतु १९८८ च्या ९४४ टर्बो एसमध्ये आणि पुढे ९६८ मध्ये एम०३० सोबत मोठे ब्रेकही येत, ९११ च्या आधीच्या ९९६ पिढीत त्याचा अर्थ स्प्रिंग, डॅम्पर व अँटी-रोल बार एवढाच उरला, आणि आपल्या ९९७ मध्ये त्यात डिफरन्शियल आले. म्हणून कोणत्याही कोडची यादी वाचताना आधी मॉडेल-वर्ष पाहावे, मग गाडीची पिढी आणि मगच अर्थ. वर्ष न देता केवळ ‘कोड आणि अर्थ’ असे दोन रकाने देणाऱ्या याद्या मी वापरत नाही. त्यांतून चुकीची खात्री तेवढी मिळते.

चासिस क्रमांकाकडून मात्र फारशी अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेबाहेरच्या बहुतेक पोर्शे गाड्यांच्या क्रमांकात तर चौथ्या ते सहाव्या जागी ‘झेडझेडझेड’ अशी भरतीची अक्षरे असतात. त्या क्रमांकात पर्याय लिहिलेले नसतात. तो केवळ कारखान्याच्या नोंदीपर्यंत पोचण्याचा दुवा असतो, आणि अधिकृत डीलरला त्यावरून मूळ यादी काढता येते. स्टिकरचीच एक प्रत गाडीच्या गॅरंटी व देखभाल पुस्तिकेत चिकटवलेली असते. झाकणावरचा स्टिकर, पुस्तिकेतली प्रत आणि डीलरकडची नोंद ही तिन्ही एकमेकांशी जुळली, तरच यादी पक्की धरावी. नव्याने छापलेले स्टिकर विकत मिळतात, ही गोष्ट विसरू नये. अपघातानंतर झाकण बदललेल्या प्रामाणिक मालकालाही तो लागतो, त्यामुळे नवा स्टिकर हा आपोआप लबाडीचा पुरावा ठरत नाही, परंतु मग तो पुरावा म्हणून वापरताही येत नाही.

यादीत नसलेल्या वस्तूबद्दल आपण विचारले आहे. उत्तर असे की यादीत नसणे म्हणजे कारखान्यात नोंद नसणे, एवढेच. तीन कारणांनी वस्तू गाडीत असूनही कोड नसू शकतो: ती त्या मॉडेलवर मुळातच येत असेल, जसे आपल्या गाडीवर पीएएसएम आले असते, ती गाडी कारखान्याबाहेर पडल्यानंतर अधिकृत कार्यशाळेत बसवलेली असेल, किंवा बाहेरच्या कोणी बसवली असेल. एक्स५१ च्या बाबतीत दुसरी शक्यता तपासण्यासारखी आहे. ९९७ करेरा एसचे इंजिन ३५५ अश्वशक्तीचे असून एक्स५१ सह ते ३८१ पर्यंत जाते, आणि हा फरक सिलिंडर हेड, हवा आत घेण्याची व्यवस्था आणि एक्झॉस्ट यांतल्या बदलांतून येतो. केवळ इंजिनच्या झाकणाखाली एखादी कार्बनची पेटी दिसली म्हणून ते एक्स५१ ठरत नाही. कार्यशाळेने बसवले असेल, तर सुट्या भागांचे आणि मजुरीचे बिल असलेच पाहिजे. तेवढ्या मोठ्या कामाचे बिल कोणी टाकून देत नाही.

राहिला सीएक्सएक्स. ६४० म्हणजे स्पोर्ट क्रोनो प्लस आणि ६५० म्हणजे विजेवर चालणारे सनरूफ, हे कोड वस्तू सांगतात. सीएक्सएक्स वस्तू सांगत नाही. छापील पर्यायांत न बसणारी खास मागणी ‘एक्सक्लुझिव्ह’ विभागाने पुरवली, एवढाच त्याचा अर्थ. ती मागणी डॅशबोर्डवरच्या वेगळ्या रंगाच्या शिवणीची असेल किंवा आणखी कशाची. त्या गाडीचा मूळ विक्री-करार किंवा मूळ बिल मिळाले, तरच ते कळेल, आणि मला विचाराल तर या यादीतली सर्वांत उत्सुकतेची ओळ तीच आहे.

मोठाब्लॉक

वरच्या उत्तरात केवळ एका कंपनीचा विचार आहे, म्हणून अमेरिकन बाजूची भर घालतो, कारण कोडांवर गाडीचे सारे मोल अवलंबून असण्याची परंपरा तिथे अधिक जुनी आणि अधिक कठोर आहे.

जनरल मोटर्समध्ये या कोडांना आरपीओ म्हणतात, म्हणजे नियमित उत्पादनातले पर्याय. आज आपण ज्यांना मॉडेलची नावे समजतो, ती मुळात ऑर्डरच्या कागदावरची तीन अक्षरे होती. झेड०६ हा १९६३ च्या शेवरोले कॉर्व्हेटवरचा एक पर्याय होता; कॉर्व्हेटचे अभियंते झोरा आर्कस-डंटोव यांच्या पुढाकाराने शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी जड ब्रेक आणि कडक सस्पेन्शन यांचा तो संच तयार झाला आणि त्या वर्षी १९९ गाड्यांवर बसला. झेड२८ हा १९६७ च्या शेवरोले कमॅरोवरचा पर्याय. ट्रान्स-ॲम या शर्यतींच्या मालिकेतल्या ५ लिटरच्या मर्यादेत बसावे म्हणून त्यात ३०२ घन इंचांचे इंजिन होते, आणि पहिल्या वर्षी ६०२ गाड्या निघाल्या. झेडआर१ सुद्धा १९७० ते १९७२ या काळात एलटी-१ इंजिनाभोवती बांधलेला शर्यतीचा संच होता, आणि १९९० मध्ये ते नाव पुन्हा कॉर्व्हेटवर आले तेव्हा ती जवळजवळ स्वतंत्र गाडी झालेली होती.

या सर्वांत एल८८ चा अभ्यास प्रत्येकाने करावा, असे मला मनापासून वाटते, कारण एक कोड दुसऱ्या कोडांना कसा ओढून आणतो आणि काहींना कसा हद्दपार करतो, हे त्यात स्वच्छ दिसते. १९६७ च्या कॉर्व्हेटवर एल८८ इंजिन मागितले की जे५६ ब्रेक, एफ४१ सस्पेन्शन, जी८१ डिफरन्शियल आणि के६६ ट्रान्झिस्टर इग्निशन हे सारे घ्यावेच लागे. उलट रेडिओ मिळत नसे आणि हीटरही काढून टाकला जाई. कागदावर त्याची क्षमता ४३० अश्वशक्ती लिहिलेली होती, म्हणजे रस्त्यावर चालवण्याच्या एल७१ इंजिनाच्या ४३५ पेक्षा कमी, आणि खरी क्षमता तर ५०० च्या वर होती. शर्यतीसाठी बांधलेले इंजिन हौशी ग्राहकाने केवळ आकडा पाहून रोजच्या वापरासाठी मागवू नये, हा त्यामागचा हेतू. पहिल्या वर्षी २० आणि १९६९ पर्यंत मिळून २१६ गाड्या निघाल्या. आता एखाद्या १९६७ च्या ‘एल८८’ मध्ये मूळचा रेडिओ असल्याचे कोणी अभिमानाने सांगू लागला, तर इंजिन न पाहताच संशय घ्यावा. आपल्या ०३० आणि पीएएसएमच्या प्रश्नातही नेमके हेच तर्कशास्त्र आहे.

छापील पर्यायांच्या पलीकडे कोपो नावाचा आणखी एक मार्ग होता. टॅक्सी, पोलीस किंवा मालवाहतूक अशा ठोक ग्राहकांच्या विशेष मागण्या मुख्य कार्यालयाच्या मंजुरीने उत्पादनात घालण्यासाठी तो होता. कंपनीच्या अंतर्गत धोरणानुसार कमॅरोत ४०० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायला मनाई होती, तेव्हा याच मार्गाने १९६९ मध्ये ९५६० या क्रमांकाखाली ४२७ घन इंचांचे पूर्ण ॲल्युमिनियमचे झेडएल१ इंजिन बसवलेल्या ६९ कमॅरो तयार झाल्या. ग्राहकाला दाखवल्या जाणाऱ्या पर्यायांच्या यादीत हा क्रमांक नव्हता.

कागदाबद्दल एक तपशील. १९६७ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये उत्पादनाचा कागद इंधनाच्या टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवलेला असे. टाकी खाली उतरवल्याशिवाय तो दिसत नाही, आणि त्यामुळेच टिकला असेल तर विश्वासार्ह मानला जातो. शेवरोलेकडे त्या काळातल्या एकेका गाडीची पर्यायनोंद सर्वसाधारणपणे उपलब्ध नाही, याउलट त्याच समूहातल्या पाँटिॲकच्या नोंदी जपल्या गेल्या आहेत. एकाच छताखालच्या दोन विभागांत एवढा फरक असू शकतो; म्हणून ‘कंपनीकडे नोंद असेलच’ असे गृहीत धरून व्यवहार करू नये. पोर्शेच्या बाबतीत आपण या दृष्टीने भाग्यवान आहात.

सहासिलिंडर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज पुन्हा जाऊन पाहिले: डॅम्परचे बटण नाही, आणि पुस्तिकेतली यादी झाकणावरच्या यादीशी अक्षरशः जुळते. म्हणजे ०३० खरे दिसते. एक्स५१ चे बिल विक्रेत्याकडे नाही, तेव्हा तो दावा मी सोडून दिला आहे. पिवळ्या कॅलिपरचा उलगडा मात्र झालेला नाही; विक्रेता म्हणतो की पिवळा रंग म्हणजेच सिरॅमिक. चाके न काढता हे ठरवता येईल का?

टॉर्क

ब्रेकचे उत्तर कोडवाचक देतीलच. मी नव्या गाडीच्या प्रश्नावर लिहितो, आणि थोडा वेगळा सूर लावतो. दुर्मीळ कोडांच्या मागे लागून लोक कधीकधी अशी गाडी मागवतात, जी विकताना उत्तम आणि चालवताना मध्यम असते. पर्याय निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही वस्तू उद्या हवीशी वाटली, तर बसवता येईल का? बसवता येत असेल तर ऑर्डरच्या दिवशी तिच्यावर डोके खपवत नाही.

या कसोटीवर चाके, एक्झॉस्टची टोके, बाहेरची कार्बनची पट्टी, गालिचे, अगदी ध्वनियंत्रणासुद्धा मागे पडते. पुढे येतात त्या गाडीच्या सांगाड्यात, वायरिंगमध्ये आणि नियंत्रण-संगणकात विणलेल्या गोष्टी. मागची चाके वळवणारी यंत्रणा घ्या. २०१३ च्या ९११ जीटी३ मध्ये ती आली. साधारण ताशी ५० किलोमीटरच्या खाली मागची चाके पुढच्यांच्या विरुद्ध दिशेने वळतात, त्यामुळे गाडी आखूड असल्यासारखी फिरते, आणि ८० च्या वर त्याच दिशेने वळतात, त्यामुळे ती लांब असल्यासारखी स्थिर राहते. नंतर विचार बदलला म्हणून ती बसवून घेण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. गाडीचे नाक उचलणारी यंत्रणा, मोठी इंधनटाकी, यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल, सनरूफ असणे किंवा नसणे आणि आसनांचा प्रकार हेही याच गटातले. आसनांना मी सर्वांत वर ठेवीन. न झुकणाऱ्या पाठीची कवचासारखी आसने वजन कमी करतात आणि वळणावर शरीर घट्ट धरतात, पण पाठीचा कोन बदलता येत नाही. त्यांत पुरेसा वेळ बसून पाहिल्याशिवाय, केवळ चित्र पाहून, ती मागवू नयेत. नंतर बदलायची म्हटली तर एअरबॅग आणि पट्ट्यांचे संवेदक आडवे येतात.

मोठाब्लॉक यांनी सांगितलेली ओढाताण आजही आहे, फक्त ती आता कॉन्फिगरेटरच्या पडद्यामागे चालते. कॉर्व्हेटच्या आठव्या पिढीत झेड५१ घेतले की मोठे ब्रेक, एफई३ सस्पेन्शन, इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल, जादा शीतकरण आणि उन्हाळी टायर एकत्र येतात. चुंबकीय डॅम्परसह झेड५१ हवे असेल तर सस्पेन्शनचा कोड एफई४ होतो. म्हणून अंतिम ऑर्डरवर सही करण्याआधी पडद्यावरचे चित्र पाहू नका, कोडांची छापील यादी मागा आणि ओळ न् ओळ वाचा. एक पर्याय निवडल्यामुळे दुसरा गुपचूप वगळला गेला असेल, तर तो तिथेच सापडतो. ऑर्डर गोठण्याची तारीखही लेखी घ्या, कारण त्या तारखेनंतर भागांची मागणी पुरवठादारांकडे गेलेली असते आणि बदल होत नाही.

ज्या पर्यायांनी वस्तू कमी होतात, त्यांच्याकडेही आदराने पाहावे, असे मला वाटते. १९८७ ते १९८९ या काळातल्या ९११ करेरा क्लबस्पोर्टचा कोड एम६३७ होता आणि त्याचा गाभा म्हणजे काय काय काढले, हाच होता. मागची आसनेसुद्धा त्यात नव्हती. २००३ च्या बीएमडब्ल्यू एम३ सीएसएलमध्ये वातानुकूलन आणि रेडिओ मुळात नव्हते, हवे असल्यास ते विनामूल्य परत मागवता येत. ग्राहकाला दोन्ही बाजूंनी निवड करता येणे, ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

रंगावर मात्र माझी कसोटी बाजूला ठेवा. गाडी पुन्हा रंगवता येते हे खरे, पण कारखान्यातला मूळ रंग परत आणता येत नाही. यादीबाहेरचा खास रंग परवडत असेल आणि मनापासून आवडत असेल, तर तो घ्यावा. त्याचे बाजारातले मोल काय होईल, याचा हिशेब करत बसू नये.

कोडवाचक

टॉर्क यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु एक दुरुस्ती सुचवतो: दुर्मीळ कोडाचा पाठलाग आणि कोडाची पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेरारी ५९९ जीटीबी मॅन्युअल गिअरबॉक्ससह केवळ ३० च्या आसपास बाहेर पडल्या, आणि नंतर इतर काही गाड्यांना मॅन्युअल गिअरबॉक्स बसवले गेले. ते काम उत्कृष्ट असू शकते आणि चालवताना आनंदही तोच मिळेल, पण घेणाऱ्याला दोहोंतला फरक कळलाच पाहिजे. २००६ पासून फेरारी स्वतःच्या ‘क्लासिके’ विभागातून जुन्या गाड्यांना प्रमाणपत्र देते, ते या गरजेतूनच.

आता ब्रेक. पिवळा रंग हा पोर्शेच्या सिरॅमिक ब्रेकची, म्हणजे पीसीसीबीची, खूण आहे हे बरोबर. २००१ च्या ९११ जीटी२ पासून ती चालत आली. परंतु रंग कोणालाही लावता येतो, आणि उलट सिरॅमिक ब्रेकचे कॅलिपर काळे रंगवलेल्या गाड्याही असतात. सुदैवाने आपल्या मॉडेलमध्ये चाकांच्या आऱ्यांमधूनच खात्री करता येते. करेरा एसच्या साध्या लोखंडी डिस्कचा व्यास ३३० मिलिमीटर आणि पुढचे कॅलिपर चार पिस्टनचे, तर पीसीसीबीच्या डिस्कचा व्यास ३५० मिलिमीटर आणि पुढचे कॅलिपर सहा पिस्टनचे असतात. सहा पिस्टनचे कॅलिपर लांबीला स्पष्टपणे मोठे दिसते. सिरॅमिक डिस्कचा घर्षणाचा भाग करड्या, किंचित ठिपकेदार पोताचा असतो आणि तो मधल्या धातूच्या भागाला बोल्टच्या कड्याने जोडलेला दिसतो. याहूनही सोपी परीक्षा म्हणजे गाडी धुऊन रात्रभर उभी ठेवायला सांगा: लोखंडी डिस्कवर सकाळी गंजाची तांबूस झाक येते, सिरॅमिकवर येत नाही.

४५० यादीत नाही आणि पुस्तिकाही जुळते, तेव्हा माझा अंदाज रंगवलेल्या लोखंडी ब्रेकचाच आहे. तसे निघाले तर गाडी नाकारण्याचे कारण नाही. लोखंडी डिस्क स्वस्तात बदलतात आणि रोजच्या वापराला पुरेशा आहेत. किंमत मात्र सिरॅमिक ब्रेकची देऊ नका. सुट्या भागांच्या अधिकृत सूचीत प्रत्येक पर्यायी भागापुढे त्याचा कोड लिहिलेला असतो, म्हणून कॅलिपरवर कोरलेला भाग-क्रमांक टिपून डीलरला विचारलेत, तर वादाला जागाच उरणार नाही.

आणि समजा परीक्षेत ते खरेच सिरॅमिक निघाले, म्हणजे नंतर कोणीतरी बसवलेले, तर चाके काढण्याची परवानगी घ्याच. या डिस्कची झीज जाडीवरून नीट कळत नाही. तिच्या मधल्या भागावर किमान वजन कोरलेले असते आणि डिस्क काढून वजनकाट्यावर ठेवून त्याच्याशी तुलना करावी लागते. चारही डिस्कचे कोरलेले आणि प्रत्यक्ष वजन इथे लिहा, म्हणजे त्यांचे किती आयुष्य उरले आहे, ते पाहता येईल.